पांढरे खडे

ठण्! दचकलात? मीच बोलतोय, मकनास शहरातल्या बतूलबाईंच्या घरचा पितळी खल. बत्ता माझा जोडीदार, पण तो नुसता आपटायचा. पोटात सगळं साठायचं ते माझ्या.

बदाम, तीळ, मेथी असं कुटत माझं आयुष्य मजेत चाललं होतं. मग बाईंच्या लेकीचं, इतिमादचं लग्न ठरलं आणि गल्लीतल्या बायका कुजबुजल्या, "नवरी की केरसुणी!" बाईंना ते लागलं. जडीबुटी विकणाऱ्या अत्ताराकडून अंगावर मांस चढवणारी पुडी आली. तिच्यातल्या झाडांच्या मुळ्या-बियांत पांढरे खडे होते. बाईंना ते डिंकाचे वाटले. बत्त्याखाली ते खडूसारखे फुटले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

मधात कालवलेली ती पूड इतिमाद रोज खाऊ लागली. महिन्याभरात गाल भरले. कुजबुजणाऱ्या त्याच बायका आता कौतुक करू लागल्या. पण हातपाय काड्याच राहिले, मांडीवर काळेनिळे डाग उमटले. एखाद्या दिवशी पूड चुकली की पोरीला उठवेना.

"यम्मा, आज पूड कुटली नाहीस का गं?" ती विचारायची. त्या आवाजातली घाई मला भिववायची.

पुढे लग्नाचा कफ्तान अंगात शिरेना, तेव्हा तिने पूड एकदम बंद केली. दोन-तीन दिवसांतच उलट्या होऊन ती माझ्यासमोरच कोसळली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय खात होती?"

"झाडपाला! विष नाही घातलं मी लेकीला!" बतूलबाई घरी आल्या आणि मला ओढणीत बांधून तावातावाने तिथे घेऊन गेल्या. "घ्या, हुंगा!"

डॉक्टरीणबाईंनी मला उपडं करून थोपटलं. बुडाला चिकटलेला पांढरा तुकडा टेबलावर पडला. त्यावर अर्धवट कोरलेला आकडा होता.

"लाल्ला बतूल," त्यांनी अदबीने हाक मारली, "आकडा छापलेला डिंक कोणत्या झाडाला येतो हो?"

तुकडा तपासला, तर तो स्टिरॉइडच्या गोळीचा निघाला.

"जळ्ळी ती गोळी! आता पोरीला शिवूही देणार नाही."

"एकदम बंद केलीत म्हणून तर ती इथे आहे. शरीराला सवय लागलीय. आम्ही गोळी मोजून देऊ आणि हळूहळू कमी करू. महिने लागतील."

आता रोज सकाळी बाई मोजून लेकीला गोळी देतात. लग्न पुढे ढकललंय. सासरी सांगितलंय, ताप आहे.

काल शेजारीण झोर दारात आली. "खल दे गं जरा. माझ्या पोरीला तुझ्या इतिमादसारखी करायचीय." हातात तीच पुडी.

बाईंनी मला छातीशी घट्ट धरलं. बोलावं तर बोभाटा होणार, सोयरीक मोडणार. त्यांचं काळीज माझ्या पितळेवर धडधडत होतं. मी ठणठणून काय उपयोग? बदाम असो की गोळी, माझा आवाज एकच.

आतून इतिमाद क्षीण आवाजात म्हणाली, "यम्मा, सांग तिला."

बाईंनी मला खाली ठेवलं आणि झोरच्या हातातली पुडी काढून घेतली. "आत ये. आधी माझ्या पोरीकडे नीट बघ."