मांगुरासाठी रेती

सकाळी साडेसहाला कौसल्या बोलली.

"टोचते."

तिचा नवरा देवाजी चहा ठेवत होता. भांडे तसेच टाकून तो खाटेशी आला. दसऱ्याला दीक्षाभूमीवरून परतल्यावर कौसल्याच्या उजव्या अंगावरून वारे गेले, त्यानंतर तिच्या तोंडून आलेला हा पहिला शब्द. आता होळी जवळ आली होती.

"कुठं टोचते वं? सांग ना." त्याने चादर झटकली, उशी उलटून पाहिली.

कौसल्याने नजर माशाच्या काचेच्या पेटीकडे नेली. "त्याले."

पेटी खाटेला लागून, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर होती. देवाजी मोझॅक फरशीचा मिस्त्री. एका बंगल्याची फरशी उजळून दिली तेव्हा मालकिणीने ती रिकामी पेटी त्याला दिली. पेटीतले मांगुराचे, त्या लांब मिशांच्या माशाचे, पिल्लू शेजारच्या रुखमाबाईने दिलेले. ती बाजारात मासळी विकायची. ते आल्यापासून कौसल्याने भिंतीकडे तोंड करून पडणे सोडले होते. मांगूर तळाशीच राहतो, म्हणून देवाजीने तळ सजवला होता: हिरव्या, गुलाबी, पांढऱ्या संगमरवरी चिप्स, त्याच्या कामातल्या सर्वांत देखण्या.

त्याने रुखमाबाईला हाक मारली. तिने वाकून पाहिले.

"मिशा झिजल्या न गा याच्या! पोटही लाल झालं. हा मिशांनी चाचपून खाते. या गिट्टीत काय चाचपन? बारीक रेती टाक."

"रेती? रेती फरशीच्या खाली जाते, बाई. पाहुन्यापुढं कोनी रेती मांडते काय?"

"तुहा पाहुना चिखलातला हाय, बापा!"

कामासाठी आणलेली कन्हान नदीची रेती घरामागे पडलेली होतीच. देवाजीने ती चाळली, पाणी निवळ येईपर्यंत धुतली. मूठभर घेऊन चोळली, पण काही कळेना. सिमेंटने आणि पॉलिशच्या दगडाने त्याचे तळवे केव्हाच बधिर केले होते. त्याने परात खाटेवर आणली आणि कौसल्याचा डावा हात रेतीत ठेवला.

तिने मान हलवली. नाही.

त्याने पिठाची चाळणी घेतली, रेती पुन्हा चाळली, पुन्हा धुतली. या वेळी तिची बोटे आत शिरली आणि तिथेच राहिली. देवाजी परात धरून बसला. कामाची वेळ टळून गेली, तरी त्याने परात हलवली नाही.

मग चिप्स निघाल्या, रेती पडली. मांगुराला पाण्यात सोडून देवाजीने त्याला हात जोडले.

"मले जोड," रुखमाबाई म्हणाली. "मासा माहा होता."

त्याने तिलाही जोडले. ती हसता हसता पदराने नाक पुसून बाजाराला निघून गेली.

संध्याकाळी मांगूर रेतीत अर्धा रुतून बसला होता. गांडूळ समोर टाकले, ते त्याने अजून घेतलेले नाही. झिजलेल्या मिशा पुन्हा फुटतात की नाही, हे रुखमाबाईलाही सांगता आलेले नाही. कौसल्या सकाळनंतर बोललेली नाही. ती पेटीकडे बघते आहे.