खाली ठेवलेली कॉफी

नाखवा दुऐजला सगळ्या जगाचं राजकारण कळतं, फक्त स्वतःच्या घरातलं कळत नाही, असं त्याची बायको म्हणायची. यात त्याचा एकट्याचा दोष नव्हता. आम्हां कुवेतच्या पुरुषांना रोज संध्याकाळी कुणाच्या तरी दिवाणियात, म्हणजे घराच्या बाहेरच्या बैठकीत, गादीवर रेलून जगाचा कारभार हाकावा लागतो. सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात तर हा कारभार अंगावर येण्याइतका वाढला होता. इराक आणि इराण सात वर्षं एकमेकांच्या उरावर बसले होते. मधल्या आम्हांला वाटायचं, आपल्याइतके शहाणे आपणच. इराकसाठी आम्ही थैली मोकळी सोडली, आणि इराणला 'आपण शेजारी' म्हणून लांबून सलाम ठोकला. इराणला काही तो सलाम पटला नाही. त्याने आमची तेलाची जहाजं फोडायला सुरुवात केली, तेव्हा आम्ही अमेरिकेच्या दारात जाऊन उभे राहिलो. ती आढेवेढे घेऊ लागली म्हणून रशियाकडेही जाऊन आलो, आणि ही बातमी अमेरिकेच्या कानावर जाईल याची काळजी घेतली. मग मात्र अमेरिका धावतच आली. आमच्या तेलाच्या जहाजांवर तिचा झेंडा चढला आणि तिच्या लढाऊ बोटी आमची राखण करू लागल्या.

"याला म्हणतात डोकं," दुऐज दिवाणियात म्हणाला, जणू हे सगळं त्यानेच जुळवून आणलं होतं.

"डोकं खरंच, बू सनद," त्याचा जुना मित्र बू गानिम म्हणाला. "पण कुणाचं, ते शेवटी कळेल. बोलावलेला पाहुणा जायचं नाव घेत नाही तेव्हा." आमच्याकडे माणसाला मुलाच्या नावाने हाक मारतात; दुऐज हा सनदचा बाप, म्हणून बू सनद.

सगळे हसले. दुऐजही हसला, पण त्याचं लक्ष भलतीकडेच होतं. त्याच्याकडे एक लाकडी गलबत होतं. त्यावर तांदूळ, टायर आणि कांदे लादून तो पलीकडच्या इराणी किनाऱ्यावर नेऊन विकायचा. त्याच किनाऱ्यावर, खोर नावाच्या अरबी बोलणाऱ्या गावात, त्याची थोरली बहीण लुलवा राहत होती. आई लवकर गेल्यावर तिनेच त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं, आणि तो मिसरूड फुटायच्या वयाचा असताना ती लग्न होऊन समुद्रापलीकडे गेली होती. गेल्या हिवाळ्यात तिचा नवरा वारला. तेव्हापासून दुऐजच्या मनाने एकच घेतलं होतं, की तिला घरी आणायचं. त्याने तिच्यासाठी खोली रंगवून घेतली, नवा एअर कंडिशनर बसवला. तिला यायचं आहे का, हे मात्र विचारायचं राहून गेलं. एकदा तो निघालाही होता, पण इराणी पहारेकऱ्यांच्या वेगवान होड्यांनी त्याला अर्ध्या वाटेतूनच परत हाकललं. कुवेतची गलबतं म्हणजे इराकचे हस्तक, असं त्यांचं म्हणणं होतं.

आणि आता तेलाच्या जहाजांवर झेंडे चढले होते. दुऐजला वाटलं, तेलाला राखण मिळते, तर माझ्या बहिणीला का मिळू नये?

झेंड्यांचं काम बघणारा अमेरिकन अधिकारी बंदरावरच्या एका कचेरीत बसायचा. त्याचं नाव टॉलिव्हर. अरबी भाषा तो पुस्तकांतून शिकला होता, त्यामुळे तो रेडिओवरच्या बातम्यांसारखं बोलायचा. दुऐज नवा पोशाख घालून, अत्तर लावून त्याच्यासमोर जाऊन बसला.

"महोदय, आपले स्वागत असो," टॉलिव्हर म्हणाला. "आपण कॉफीचा स्वीकार कराल काय?"

दुऐजच्या मनात लाडू फुटले. कारण त्याची सगळी मदार या कॉफीवरच होती. आमच्याकडे काही मागायला आलेला पाहुणा तोंड वेंगाडत नाही. कॉफीचा पेला हातात आला की तो न पिता समोर ठेवून देतो. यजमानाने समजून घ्यायचं आणि म्हणायचं, 'आधी कॉफी घे, तुझं काम झालं.' एकदा हे बोलून गेलं की मागणं काहीही असो, यजमानाला मागे फिरता येत नाही. आमच्या आजोबांनी याच रीतीवर भांडणं मिटवली, मुली मागितल्या, खून माफ करून घेतले.

कागदाच्या भल्यामोठ्या पेल्यात कॉफी आली. दुऐजने तिला ओठ लावला नाही. पेला टेबलावर ठेवला, हात मांडीवर घेतले आणि टॉलिव्हरकडे गंभीरपणे बघत राहिला.

टॉलिव्हरने थोडी वाट पाहिली. "महोदय, ही अतिउष्ण आहे काय?"

दुऐज काही बोलला नाही. बोलला असता तर मागणं हलकं झालं असतं.

"तर मग चहा?" टॉलिव्हरने चहा मागवला. दुऐजने तोही खाली ठेवला. मग कोला आला, मग संत्र्याचा रस आला, मग बर्फाचं पाणी. टेबलावर इतके पेले जमले की टॉलिव्हरला कोपर टेकायला जागा उरली नाही. दुऐजला घाम फुटला होता. घसा कोरडा पडला होता आणि समोर बर्फ वितळत होता. पण तो मनात म्हणत होता, माणूस चिवट आहे, मोठं मागणं आहे हे त्याने ओळखलंय.

शेवटी टॉलिव्हर काकुळतीला आला. "महोदय, आपली जी काही इच्छा असेल ती मान्य आहे. परंतु कृपया काहीतरी प्राशन करा."

दुऐज उठला. त्याने टॉलिव्हरचा खांदा चुंबला, थंडगार झालेली कॉफी एका दमात संपवली आणि एक शब्दही न बोलता बाहेर पडला. टॉलिव्हरने बहुधा सुटकेचा श्वास टाकला असावा. दोघांनाही वाटलं की आपण दुसऱ्याच्या रीतीभाती किती छान सांभाळल्या.

त्याच दिवशी बाजारातल्या शिंप्याने अमेरिकेचा झेंडा शिवून दिला. तारे जागेत मावेनात म्हणून त्याने काही गाळले. दुऐजने तो डोलकाठीवर चढवला, ताज्या वेलचीची कॉफी भरून घेतली आणि खोरच्या वाटेला लागला. निघताना बू गानिम धक्क्यावर आला होता. झेंड्याकडे बघून त्याने एवढंच विचारलं, "बू सनद, बहीण ओळखेल ना तुला?"

अर्धा समुद्र ओलांडेपर्यंत सगळं ठीक होतं. मग मागे एक राखाडी लढाऊ बोट दिसू लागली. ती जवळ येईना आणि दूरही जाईना. रेडिओवर इंग्रजीत काहीबाही विचारणा सुरू झाली. दुऐज प्रत्येक प्रश्नाला "ओके, थँक्यू, टॉलिव्हर माय फ्रेंड" असं उत्तर देत राहिला. थोड्या वेळाने रेडिओवर ओळखीचा आवाज आला. कुणीतरी टॉलिव्हरला त्याच्या कचेरीतून बोलतं केलं होतं.

"महोदय, आपण कोणत्या अधिकाराने आमचा ध्वज फडकवीत आहात?"

"तुमच्याच. मी तुमची कॉफी प्यालो. आता बहिणीला आणायला निघालोय."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग टॉलिव्हर म्हणाला, "कृपया ध्वज त्वरित उतरवा."

दुऐजने खलाशाला हाक मारली. खलाशी दोरीला हात घालतो न घालतो तोच समोरून इराणी पहारेकऱ्यांच्या होड्या येताना दिसल्या. झेंडा बघून त्या थबकल्या, मागची राखाडी बोट बघून आणखी थबकल्या. रेडिओ पुन्हा खरखरला.

"महोदय, थांबा. ध्वज उतरवू नका. वरिष्ठांचा आदेश आहे. या क्षणी ध्वज उतरविल्यास आम्ही घाबरलो असा अर्थ होईल."

"पण तो खोटा झेंडा आहे," दुऐज म्हणाला. "त्यात तारेसुद्धा पुरे नाहीत."

"ते येथून दिसत नाही, महोदय. आम्ही आपल्या पाठीशी आहोत."

म्हणजे आता झेंडा काढायची चोरी आणि ठेवायचीही चोरी. गलबत पुढे निघालं, मागे राखाडी बोट, आजूबाजूला अंतर राखून इराणी होड्या. दुऐजच्या लग्नातही एवढी मिरवणूक निघाली नव्हती. खरं सांगायचं तर त्याची छाती फुगली होती. कांदे वाहणाऱ्या माणसासाठी दोन देश समोरासमोर उभे होते. दिवाणियात हे कसं सांगायचं, याची वाक्यंही तो जुळवू लागला.

खोर दिसू लागलं तेव्हा ती वाक्यं घशातच राहिली. किनाऱ्यावर माणसं धावत होती. बायका पोरांना काखोटीला मारून गावामागच्या टेकडीकडे निघाल्या होत्या. एका मशिदीच्या भिंतीआड तोफेचं तोंड त्याच्याकडे वळत होतं. त्याने मागे पाहिलं, तर राखाडी बोटीच्या तोफाही वळलेल्या. दोन्ही तोफांच्या बरोबर मध्ये तो होता, आणि त्याच्या पलीकडे त्याच्या बहिणीचं घर होतं. त्याने गलबत जागीच थांबवलं.

बऱ्याच वेळाने किनाऱ्यावरून एक छोटा मचवा वल्हवत आला. त्यात वल्ही मारणारा म्हातारा कोळी आणि पायघोळ काळ्या अबायातली लुलवा होती. तिला हात देऊन वर घेताना दुऐजला ती फार हलकी वाटली. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग वर डोलकाठीकडे पाहिलं.

"अरे दुऐज, हे काय सोंग आणलंयस?"

"ताई, तुला न्यायला आलोय. कुणी अडवू नये म्हणून हे सगळं केलं."

"कुणी अडवलं नाही खरं," ती म्हणाली. "सगळं गाव पळालं."

तो ओशाळला. तिच्यासाठी गादी टाकली, स्वतःच्या हाताने कॉफी ओतली आणि खोलीबद्दल, नव्या रंगाबद्दल, एअर कंडिशनरबद्दल घाईघाईने सांगत सुटला. लहानपणी चूक केली की तो असाच भरभर बोलायचा. ती ऐकत राहिली. मग तिने कॉफीचा पेला फळीवर ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

दुऐजच्या तोंडून शब्द आपोआप बाहेर पडले. पन्नास वर्षांची सवय ती. "घे ताई, आधी कॉफी घे. तुझं काम झालं."

बोलून गेल्यावर त्याला कळलं.

"तर मग परत जा," लुलवा म्हणाली. "मला न घेता जा. तू इथे आहेस तोवर तो मागचा अमेरिकन इथे आहे, आणि तो आहे तोवर हे पहारेकरी इथली तोफ हलवायचे नाहीत. माझा नातू आघाडीवर आहे, बसऱ्याकडे. तो आला तर त्याला दार उघडायला घरात कुणीतरी हवं."

बसऱ्याच्या आघाडीवर इराककडून जे गोळे येत होते, त्यांत आमच्या थैलीचाही वाटा होता. हे दुऐजला ठाऊक होतं आणि तिलाही. ती त्याबद्दल काही बोलली नाही. बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"ताई, मी तुला विचारायला हवं होतं," तो म्हणाला.

"हो. कागद पाठवला असतास तरी चाललं असतं." तिने पेला उचलून कॉफी संपवली. "वेलची कमी घातलीस." त्याने पुन्हा ओतायला किटली पुढे केली, तेव्हा तिने पेला हातात हलवला. पुरे, असा त्याचा अर्थ. मग लहानपणी करायची तसा त्याचा गाल कुरवाळला आणि मचव्यात उतरली. तो कठड्याला धरून उभा राहिला. रडू आवरेना, तेव्हा खलाशांना दिसू नये म्हणून त्याने तोंड वळवलं, आणि त्याच्या तोंडावर तो झेंडा फडफडला.

गलबत वळलं. मागची राखाडी बोटही सावकाश वळली. इराणी होड्या थोडं अंतर आल्या आणि थांबल्या. गाव टेकडीवरून खाली येताना दिसत होतं. रेडिओ खरखरला. टॉलिव्हरचा आवाज चांगलाच खुशीत होता.

"महोदय, अभिनंदन. कुणालाही इजा झाली नाही. आपल्या भगिनी नौकेत सुखरूप आहेत ना?"

"नाही," दुऐज म्हणाला. "तिने कॉफी खाली ठेवली."

टॉलिव्हरने क्षणभर विचार केला. "अरेरे," तो मनापासून म्हणाला. "त्यांना चहा हवा होता काय?"

दुऐज हसू लागला. सुकाणू धरून, डोळ्यांतलं पाणी न पुसता, तो कुवेतचा किनारा दिसेपर्यंत हसत राहिला.