थांबायचा शब्द

“रामटेक,” शामलाबाई म्हणाल्या.

मुकुंद सरांनी एकेक अक्षर दाबलं. पडद्यावर हिरव्या इंग्रजी अक्षरांत उमटलं, ‘बस रामटेक, पाणी घे.’ आणि खाली पुन्हा तोच प्रश्न: ‘नाव काय?’

धरमपेठेतल्या त्या शिकवणीच्या खोलीत संगणक एकच होता. शामलाबाईंच्या गिरिधरने त्यावर हा खेळ लिहिला, कॅसेटवर उतरवायचा राहिला, आणि दुसऱ्या सकाळी तो तलावावर पोहायला गेला तो परत आला नाही. तेव्हापासून सरांनी यंत्र बंद होऊ दिलं नव्हतं. बंद झालं की सगळं पुसलं जाणार. कॅसेटवर घ्यायचं तर आधी खेळ थांबवायला हवा, आणि तो थांबायचा एकाच शब्दाने. तो शब्द गिरिधरने कुणालाच सांगितला नव्हता. आज चारला वीज जाणार होती.

“देवाचं नाव टाकून पाहा,” भिंतीशी बसलेले गिरिधरचे वडील, चंद्रभान म्हणाले.

“टाकलं, काका. तुमचं, काकूंचं, शाळेचं, सारं टाकलं.”

“लपवाची सवयच होती त्याले. माह्या चपला लपवे पोट्टा.”

“तुम्ही चूप राहा जी,” शामलाबाई म्हणाल्या.

चंद्रभान टोपी घालून उठले. “राहू द्या सर. कायले त्रास. येतो आम्ही.”

शामलाबाई जागच्या हलल्या नाहीत. निघताना ‘येतो’च म्हणायचं, ही शिस्त घरात त्यांचीच. गिरिधर मात्र त्यांना चिडवायला मुद्दाम ‘जातो’ म्हणे. मग त्या मनगट धरून त्याला उंबऱ्याच्या आत घेत, घोटभर पाणी पाजत आणि नव्याने निघायला लावत. त्या सकाळी त्यांचे हात कणकेत होते.

“सर, ज कुठी आहे?”

“शब्द सांगा काकू, मी टाकतो.”

“नाही. तोंडानं नाही म्हणत मी.”

शामलाबाई एकेक अक्षर विचारत गेल्या. सर त्या त्या अक्षरावर बोट ठेवत गेले, आणि त्यामागून त्या ते दाबत गेल्या.

पडदा रिकामा झाला. सरांनी घाईने टेपचं बटण दाबलं. कॅसेट फिरू लागली.

“वाचलं, काकू.”

शामलाबाई अजून पडद्याकडेच पाहत होत्या.

“आता नाव नाही इचारत काय?”

“नाही, काकू.”