पाचवी पाकळी

थोरली बहीण तापाने गेली त्याला तीन आठवडे झाले होते, आणि साहेब म्हणत होते की ती त्यांची कामगारच नव्हती.

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नऊ वर्षं थोरलीने या कागदाच्या गिरणीत चिंध्या फाडल्या, बटणं कापली, शिवणी उसवल्या. मग कागदाच्या लगद्यासाठी तापाच्या इस्पितळातून जुन्या कापडांची गाठोडी आली, न उकळलेली, डागांसकट. पोरी नाकं मुरडत मागे सरल्या तेव्हा थोरलीनेच पहिलं गाठोडं सोडलं. आठव्या दिवशी तिने अंथरूण धरलं ते सोडलंच नाही. आता आणखी तिघींना ताप चढला होता. बायकांचं मागणं एवढंच होतं, की गाठोडी आधी उकळा. तेच सांगायला धाकटी वर साहेबांच्या खोलीत आली होती.

"उकळायचं कशासाठी?" साहेब म्हणाले. "माझ्याकडे कामाला असलेली एकही बाई मेलेली नाही."

कारकुनाने एक कागद पुढे सरकवला. थोरलीचा राजीनामा. खाली अंगठा. तारीख गाठोडी येण्याच्या आदल्या दिवसाची.

"वाचता येतं ना?" साहेबांनी विचारलं.

"थोडंफार."

अक्षरांपेक्षा तिला कागद जास्त कळायचा. लगदा गाळून कागद काढायच्या साच्याच्या जाळीवर तारेचं फूल शिवायचं, हे तिचं काम. ते फूल कागदाच्या पोटात उमटतं आणि उजेडात धरलं की दिसतं. साहेबांच्या पत्रांचा कागद एकाच साच्यावर निघायचा, आणि त्यातल्या फुलाच्या पाच पाकळ्यांतली एक वर्षभर तुटलेली होती. सगळी गिरणी त्यावरून हसायची. थोरली तर रोज डिवचायची, "काय गं, तुझ्या फुलाचा दात पडला की काय?" धाकटी म्हणायची, उद्या शिवते. उद्या-उद्या करत वर्ष गेलं. थोरलीला पोहोचवून आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांत आधी ती पाकळी शिवली. रडत शिवली.

गिरणीतल्या माणसांना खोडच असते, कागद हाती आला की खिडकीकडे धरायचा. धाकटीने धरला. साहेबांच्या पत्रांचाच कागद, आणि फुलाला पाच पाकळ्या होत्या. तिने पुन्हा मोजल्या. पाचच.

"साहेब, हा कागद माझी बहीण गेल्यावर बनलाय. मेलेल्या बाईने अंगठा कसा उठवला?"

कारकून पांढराफटक पडला. कागदावर जन्म काढला, पण कागद कसा होतो हे बघायला मेला कधी खाली उतरला नव्हता.

"दे इकडे तो!" साहेब ओरडले.

धाकटी तोवर चिंध्यांच्या खोलीत पोहोचली होती. कागद एकीकडून दुसरीकडे गेला. प्रत्येकीने तो खिडकीकडे धरला, पाकळ्या मोजल्या आणि हातातली सुरी खाली ठेवली. हा थोरलीचा राजीनामा आहे, एवढंच धाकटीने सांगितलं होतं. थोरलीच्या जागी बसणारी बाई सकाळपासून तापाने फणफणली होती. तिने मोजायला सगळ्यांत जास्त वेळ घेतला.

"ते गाठोडं उचला गं," ती म्हणाली.

चौघींनी इस्पितळाचं न सोडलेलं गाठोडं उचललं, जिना चढल्या आणि साहेबांच्या मेजावर धप्पकन टाकलं. दौत कलंडली. साहेब खुर्चीसकट भिंतीपर्यंत मागे सरकले आणि त्यांनी रुमाल नाकाला लावला.

"सोडा ना गाठ," धाकटी म्हणाली. "कोणी मेलेलं नाही."