मंडळाच्या ग्रुपवर गेलेला पत्ता

शनिवारी दुपारी चारला शोभाताई ऑस्ट्रेलियातल्या स्कोफिल्ड्स उपनगरात, आपल्या घरी भाकऱ्या थापत होत्या. लेक कौमुदी फोन घेऊन धावतच आली.

"आई, सलिलच्या मीटिंगचा पत्ता मंडळाच्या ग्रुपवर तू टाकलास?"

"मग! तिकडे कुणाचा भाचा असेल, कुणाची सून. भेटतील जाऊन. पोरगा ब्रिटनचा खासदार झालाय, ते काय पोटात ठेवू?"

"अगं, त्याला धमकी आलीये! पोलिसांनी पत्ता सांगायला बंदी केलीये. तू त्याला रोज 'कुठे आहेस' विचारतेस, म्हणून त्याने तुला एकटीला सांगितला होता."

तव्यावरची भाकरी करपू लागली. कौमुदीने मेसेज पुसला, पण मंडळातल्या लीनाने तो मेलबर्नला पाठवला होता आणि शिरीषने फेसबुकवर टाकला होता.

"मी त्याला सांगते, चूक माझी म्हणून," कौमुदी म्हणाली.

शोभाताईंना ते क्षणभर बरं वाटलं. मग आठवलं. सलिल तिकडे पुलांचा इंजिनियर होता. एका पुलाच्या तुळईला तडा दिसला, तेव्हा वरचे म्हणाले, रंग मारून टाक. त्याने पूल बंद करायला लावला. नोकरी गेली, पण गावाने त्याला निवडून दिलं. पूल बंद झाल्याने ज्यांचा धंदा बुडाला, ते अजून दात धरून होते. "आई, रंगाने तडा बुजत नाही," तेव्हा तो म्हणाला होता.

त्यांनी स्वतःच फोन लावला. तिकडे सकाळचे सात. उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा कौमुदीने बटण दाबलं.

"आई? आंघोळीला गेलो होतो."

त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"कधी टाकलास?"

"काल, चहाच्या वेळी."

"कुठे कुठे गेलाय?"

त्यांनी सांगितलं.

"बरं झालं, आत्ता बोललीस. मीटिंगला अजून तीन तास आहेत. पोलिसांना कळवतो, जागा बदलतो."

"रद्दच कर ना रे."

"लोक कामं घेऊन येतात, आई. तू भाकरी खा."

भाकरी ताटातच राहिली. सात वाजले. सव्वासात. कौमुदी टीव्हीचा आवाज वाढवायची, त्या कमी करायच्या. पावणेआठला मेसेज आला: "मी ठीक आहे. जुन्या जागेच्या दाराशी पोलिसांनी एकाला धरलं. त्याच्याजवळ सुरा होता."

तोच फोन पुन्हा वाजला. ग्रुपवर लीना होती: "काकू, सलिल आत्ता कुठेय? फोटो टाका ना!"

त्यांनी फोन पालथा घातला आणि त्यावर हात दाबून ठेवला.