महारवाड्याचा आड

जर्मनांबरोबरची मोठी लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षीचा चैत्र. नेवाशाच्या अलीकडच्या एका गावात, महारवाड्यातली वीसेक घरं ख्रिस्ती झाली होती. त्यातल्याच एका घरात म्हातारी बनुबाई एकटी राहायची. रविवारची उपासना आटोपली की ती मांगवाड्यात जायची, कडूबाईच्या अंगणात बसून भजनं म्हणायची, देवाच्या गोष्टी सांगायची. तसं तिला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याला मिळालं ते शेजाऱ्याला द्यावं, एवढंच तिला कळत होतं.

त्या रविवारी अंगणात कुणीच जमलं नव्हतं. कडूबाई रिकामी घागर घेऊन उंबऱ्यात बसली होती. पहाटे सून बाळंत झाल्याचं तिनं सांगितलं.

"बरं झालं गं बाई! चल, आधी प्रार्थना करू," बनुबाई म्हणाली.

"प्रार्थना मागनं कर मावशे. पोरीला घोटभर पानी न्हाई. वढ्यातला झिरा आटला."

"देव ऐकतो कडू. त्याला जातपात न्हाई."

"देवाला न्हाई गं. तुमच्या आडाला हाय."

बनुबाईला एकदम आठवलं. सकाळी ती आडावर हंडे भरत होती, तेव्हा कडूबाई, मांगांनी आडावर चढायचं नाही या रीतीप्रमाणे, खाली दगडापाशी बसली होती, कुणीतरी वरून पाणी वाढेल म्हणून. 'उपासनेला उशीर होतोय, आल्यावर वाढते,' असं सांगून बनुबाई निघाली. ख्रिस्ती देवळात जीव ओतून गायली आणि ते साफ विसरली.

"ऊठ. घे घागर," ती म्हणाली.

आडावर बनुबाईची धाकटी जाऊ मनकर्णा आणि आणखी दोघी होत्या. कडूबाई सवयीनं दगडापाशी बसली. बनुबाईनं पोहरा उचलला आणि तशीच उभी राहिली. आज आपण वाढू. उद्या ही पुन्हा इथंच बसणार.

"कडू, वर ये. तुझ्या हातानं वढ."

"आक्का, येड लागलं का?" मनकर्णा कडाडली. "देवळातनं आलीस ती काय आड बाटवायला?"

"पाटलाच्या विहिरीवर आपल्याला खाली बसवत्यात. लई गोड लागतं का तुला?"

"तुला पंगतीला कुनी घेनार न्हाई."

"नका घेऊ. मला दात तरी कुठं हायेत पंगतीत जेवायला?"

कडूबाई कळवळली. "मावशे, तूच वढ. मला भांडान नगं."

"सुनेला पानी पायजे ना? मग चढ."

कडूबाई चढली. पोहरा सोडला, पण तो पाण्यावर नुसता तरंगत राहिला. पन्नाशी आली होती, तरी आडातून पाणी काढायला तिला कधी मिळालंच नव्हतं. तिनं दोर वरखाली केला. पोहरा कडेला आपटला, रिकामाच.

मनकर्णाला ते बघवेना. "अगं, दोराला हिसका दे! आडवा कर त्याला. व्हय, असा!"

पोहरा बुडाला. मनकर्णानं जीभ चावली, आपला रिकामा हंडा उचलला आणि घरी निघून गेली.

घागर भरून कडूबाई लगबगीनं मांगवाड्याकडं गेली. त्या दुपारी बनुबाईच्या दाराकडं कुणी फिरकलं नाही.

तिन्हीसांजेला मनकर्णा पुन्हा आडावर आली. घरात पाण्याचा थेंब नव्हता. तिनं पोहरा दोनदा खळखळून विसळला, हंडा भरला. तेवढ्यात कडूबाई दुसऱ्या खेपेला आली आणि तिला पाहून खालीच थबकली.

"पोरगं हाय का पोरगी?" मनकर्णानं तिच्याकडं न बघता विचारलं.

"पोरगी."

"मग उभी काय? भर लवकर. अंधार पडतोय."