नाळ-आईचा वाटा

खिडकीतून हात आत आला तेव्हा अनारकुल कागदाच्या घड्या घालत होती.

त्या खिडकीतून माणसं दिसत नसत. बाजारसमितीच्या सुतारानं ती इतकी खाली आणि इतकी बुटकी ठेवली होती की आत बसलेल्या बाईला बाहेरचे फक्त हात दिसावेत. हात यायचा, नाणं ठेवायचा, कागद उचलायचा आणि उजवीकडे नाहीतर डावीकडे वळायचा. कसायाचा हात अनारकुल ओळखायची, लोकरवाल्या बायकांचे राठ हात ओळखायची, पण कोणाचं तोंड कसं आहे ते तिला सांगता आलं नसतं. तिचीही त्याबद्दल तक्रार नव्हती. नारीन शहराच्या बाजारात मटणाच्या ओळीमागे संडास राखणाऱ्या बाईला तोंडओळख कमी असलेलीच बरी.

या हाताच्या अंगठ्याखाली मात्र दातांची अर्धगोल खूण होती.

ती जखम अनारकुलनंच शिवलेली. सासरा भिंतीपलीकडे चहा पीत बसला होता, म्हणून गावाकडच्या कानिशायनं बाळंतपणात तोंडातून आवाज काढला नव्हता. स्वतःचा हात चावला होता. आधी पोर बाहेर आलं, मग नाळ कापली, आणि मग आईच्या हाताला टाके घातले. "पोरानं नाही फाडलं तेवढं तू स्वतःला फाडलंस गं," असं म्हणून दोघी हसल्या होत्या.

हात नाण्यावर क्षणभर थांबला. अनारकुलनं मान वर केली नाही. बाहेरचीनंही वाकून पाहिलं नाही. कागद उचलला गेला, आणि थोड्या वेळानं बुटांचा आवाज घाईघाईनं निघून गेला. नळ खिडकीला लागूनच होता. कानिशाय हात न धुताच गेली.

अनारकुलला हसू आलं. मग आलं तसं गेलं.

वर डोंगरातल्या तिच्या गावात तिला कोणी अनारकुल म्हणत नसे. डॉक्टर-एजे म्हणत, म्हणजे डॉक्टरताई. डॉक्टर ती नव्हती, साधी सुईण-नर्स होती, पण तिथवर यायला दुसरा डॉक्टर तयार नव्हता म्हणून मान तिच्याकडे आला. ती रस्त्यात दिसली की व्हॅनवाला गाडी थांबवायचा, पुढच्या सीटवरच्या पुरुषाला मागे पाठवायचा. बाळंतिणीच्या दाराशी घुटमळणाऱ्या नवऱ्यांना ती खेकसून हाकलायची आणि ते ऐकायचे. मग गावातलं प्रसूतिघर बंद झालं. बायकांनी शहरात जावं असं ठरलं. बायका शहरात गेल्या, आणि पेन्शन पुरेना म्हणून एक दिवस अनारकुलही गेली. रशियात टॅक्सी चालवणारा मुलगा आधी दर महिन्याला फोन करायचा, मग सणाला, मग त्याचा नंबरच बदलला. शहरातल्या दवाखान्यात तिच्या वयाकडे बघून नाही म्हणून मान हलवली. ही खिडकी मिळाली. तिनं घेतली.

गावात सांगितलं होतं, शहरात काम मिळालं. कसलं ते कोणी विचारलं नव्हतं, आणि न विचारलेल्याचं उत्तर द्यायची तिला सवय नव्हती.

आता कानिशायच्या थोरल्याचं, तालायचं, लग्न ठरलं होतं. बाजारात ती त्याचीच खरेदी करत असणार. तालायची नाळ जिनं कापली ती त्याची नाळ-आई. लग्नात तिला मानाचं बसणं, मानाचं वस्त्र, आणि बायकांच्या पंक्तीत मेंढीचं शेपटाचं हाड. ते कोणाला जातं यावरून गावात बाईची किंमत कळते. नाळ-आई असल्यावर ते तिलाच, हा विषय संपलेला. निदान आजवर संपलेला होता.

बोलावणं येणार की नाही, एवढंच आता तिला कळायचं होतं. आठवडाभर तिनं फोन उशीखाली ठेवला. बाजारात तो एप्रनच्या खिशात ठेवायची, आणि एकदा तर वाजलाच असं वाटून घड्या घातलेले कागद खाली सांडले.

फोन आला तो बाजार उठताना.

"एजे, तालायचं लग्न आहे. तू नको का? नाळ-आईवाचून पोराचं लग्न लागतं कुठे!"

"येईन की."

"अगं, येईन की काय, आलंच पाहिजे." मग जरा थांबून, "आणि आदल्या दिवशीच ये हं. मी न्हाणीघर चांगलं तापवून ठेवते. निवांत न्हाऊन घे. ती निळी मखमल आहे ना तुझी, तीच घाल."

"ती आता तंग होते गं. मी रुंद झाले."

"मग मी देईन एक," कानिशाय म्हणाली. "तुझा मानच आहे."

फोन बंद झाल्यावर अनारकुल बराच वेळ त्या न्हाणीघराचा विचार करत राहिली. आजवर कोणी तिला पाहुणी म्हणून बोलावताना आंघोळीचं निघालं नव्हतं. पण बोलावणं आलं होतं. ती आदल्या दिवशी गेली, आणि न्हाणीघरात कातडी लाल होईतो अंग घासलं.

लग्नघरात बायकांच्या खोलीत गालिचे अंथरले होते. कोपऱ्यात पांढऱ्या पडद्यामागे नवरी बसली होती, लांबच्या खोऱ्यातली, सकाळपासून अन्नाला न शिवलेली. कानिशायनं अनारकुलला दारापासून सगळ्यात लांब, मानाच्या जागी बसवलं. शेजारी जिपार बसली होती. जिपारच्या पाचही पोरांना अनारकुलनंच जगात आणलं होतं, आणि त्या पाचांतल्या एकाच्याही वेळी जिपारची जीभ गप्प बसली नव्हती.

"मग काय डॉक्टर-एजे! शहर मानवलेलं दिसतंय. गालांवर लोणी आलंय."

"लोणी कसलं, सूज आहे ती. दिवसभर बसून काम."

"बसून? मज्जाय बाई! कुठे बसतेस?"

अनारकुलनं तोंड उघडलं तोच दारातून कानिशाय म्हणाली, "औषधांच्या दुकानात आहे एजे. बाजाराच्या तोंडाशी."

एका म्हातारीला ठसका लागला. जिपारनं ओठ आत घेतले. अनारकुलनं एकेक तोंड पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं, की हे सगळ्यांना माहीत आहे. कधीचं माहीत आहे. खिडकीतून तिला तोंडं दिसत नव्हती, एवढंच.

"औषधांच्या दुकानात होय," जिपार म्हणाली. "चांगलंय. तिथेही माणसं घाईनंच येतात."

कोणीतरी फसकन हसलं. कानिशायचे कान लाल झाले.

"दुकान नाही," अनारकुल म्हणाली. "मटणाच्या ओळीमागे संडास आहे, तिथे बसते. कागद देते, फरशी धुते. पाणी गार असतं, बाकी काही त्रास नाही."

हे तिनं हवापाण्याबद्दल सांगावं तसं सांगितलं. पण सांगून झाल्यावर तिचे हात मांडीवर एकमेकांत शिरून बसले.

तेवढ्यात हात धुवायला तांब्याची झारी आणि तस्त आलं. आज झारी तालायच्या हातात होती. नवऱ्या मुलानं नाळ-आईच्या हातावर स्वतः पाणी घालायचं असतं. तो तिच्यापुढे गुडघ्यावर बसला. केवढा खांदा झाला होता त्याचा! उलटा आला होता, निळा पडलेला. पाठीवर थापटून थापटून तिनं त्याला रडवलं होतं.

"बरी आहेस ना, नाळ-आई?"

"बरी आहे रे. ओत."

त्यानं ओतलं. तिनं हात चोळले, झटकले, पुसायला वळली.

"ओत अजून," दारातून कानिशाय म्हणाली. "ओत, ओत. पाण्याला काय तोटा आहे आपल्याकडे."

तालायनं एकदा आईकडे पाहिलं, मग आणखी ओतलं. अनारकुलनं पुन्हा हात पुढे धरले. खोलीतल्या सगळ्या बायका ते पाणी बघत होत्या. याच हातांनी तिनं या घरांमधलं रक्त, पाणी, घाण सगळं काढलं होतं. बाळंतपणात काय अत्तर सांडतं? तेव्हा मात्र लोकांनी याच हातांवर लोणी-भाकरी ठेवली होती.

मग परातीतून मांस आलं. वाटप करणाऱ्या पुरुषाला कानिशायनं कानात काही सांगितलं असेल-नसेल. पण शेपटाचं हाड, चरबीनं लगडलेलं, वाफाळणारं, अनारकुलच्याच ताटात पडलं. तिचे डोळे भरून आले. आपली जागा शाबूत आहे असं वाटायला एवढं पुरे होतं.

पण हाड मिळालं की एकट्यानं खायचं नसतं. ज्याला मिळालं त्यानं सुरीनं तुकडे काढायचे आणि आजूबाजूच्यांना हातानं द्यायचे. त्यातच त्याचं मोठेपण. अनारकुलनं सुरी घेतली. चरबीसकट मऊ तुकडा काढला आणि जिपारपुढे धरला.

जिपारनं तो घेतला. दोन बोटांत धरला, जरा पाहिला, आणि शेजारच्या प्लास्टिकच्या पिशवीत टाकला. "नातवासाठी नेते गं. तुझ्या हातचं त्याला मिळू दे."

यात वावगं काही नव्हतं. लग्नातून प्रत्येक जण घरच्यांसाठी पिशवी भरून नेतोच. अनारकुलनं दुसरा तुकडा पलीकडच्या म्हातारीला दिला.

"दात कुठायत मला, बाई. सुनेला नेईन."

तिसरीचं पोट बिघडलं होतं. चौथी म्हणाली, किती गं छान चरबी, आणि छान चरबी पिशवीत गेली. पिशव्या फुगत होत्या. एकीच्याही ओठांना चरबीची चमक आली नाही.

"कानिशाय," अनारकुलनं हाक मारली. "ये. मुलाच्या आईनं तरी तोंडात घालावं."

कानिशाय आली. खाली बसली. खूण असलेला हात पुढे केला आणि तुकडा घेतला. तिचा हात तोंडापर्यंत निम्मा गेला, आणि तिथेच थांबला. डोळ्यांत पाणी होतं तिच्या, ते अनारकुलनं पाहिलं. मग बाहेरून कोणीतरी हाक मारली. म्हणजे, मारली असावी. "आले आले," म्हणत कानिशाय उठली आणि तुकड्यासकट बाहेर गेली.

आता फक्त पडदा उरला होता. अनारकुल गुडघ्यांवर सरकत कोपऱ्यात गेली. "पोरी, नाळ-आईचा वाटा घे."

पडद्याच्या फटीतून हात आला. कोवळा, मेंदीविना, नखं चावलेली. त्यानं तुकडा घेतला आणि आत नेला. आतून भुकेल्या पोरीच्या चावण्याचा आवाज आला, घाईचा, ओला. मग हात पुन्हा बाहेर आला, रिकामा, तळवा वर.

"अजून आहे?" आतून बारीक आवाज आला.

"आहे की गं, तुझंच आहे," अनारकुल म्हणाली. तिनं सगळ्यात मोठा तुकडा कापायला घेतला. चरबी जाड होती, सुरी सरकत नव्हती.

पडद्यामागे नवरीच्या सोबतीला एक वहिनी बसलेली होती. ती कुजबुजली. काय कुजबुजली ते ऐकू आलं नाही. मोठं वाक्य नव्हतं.

तुकडा सुटला. अनारकुलनं वर पाहिलं तेव्हा फटीत हात नव्हता.

ती थोडी थांबली. कदाचित हात पुसत असेल पोरगी. मग पडदा आतून कोणीतरी नीट सारखा केला, आणि फट मिटली.

अनारकुल आपल्या जागेवर परत आली. तो तुकडा तिनं स्वतः खाल्ला. मग हाड उचललं आणि सगळ्यांसमोर, सावकाश, ते पांढरं होईपर्यंत साफ केलं. ताटात हाड धड न चाखता ठेवणं म्हणजे मेंढीचा अपमान, असं तिची आई सांगायची. मेंढीचा अपमान तिला करायचा नव्हता.

निघताना कानिशायनं कबूल केल्याप्रमाणे तिच्या अंगावर मखमलीचा झगा चढवला, गर्द लाल, छातीवर शिंगांची नक्षी. बटणंही तिनंच लावली.

"एजे, रागावलीस?"

"तुझे टाके चांगले भरले," अनारकुल म्हणाली. "खूण आता दिसतसुद्धा नाही फारशी."

सोमवारी बाजारात बर्फाचं वारं सुटलं होतं. खिडकीच्या आत अनारकुल तो लाल झगा घालूनच बसली. शेजारी सुक्या दह्याच्या गोळ्या विकणारी म्हातारी येताजाता डोकावून म्हणाली, "आज काय राणीसाहेब?" त्यावर अनारकुल म्हणाली, "थंडी आहे."

फरशी धुवायची वेळ झाली तेव्हा तिनं मखमलीच्या बाह्या दोन वेळा दुमडून कोपराच्या वर नीट बसवल्या. बाळंतिणीच्या खोलीत शिरताना दुमडायची तशाच. मग बादली उचलली.

खिडकीतून हात आत आला. "थांबा," ती म्हणाली, "आलेच."